तोदेर हुत्सानूच्या घरात झोत शिरतो

साव्हेता हे बोलली तेव्हा कांदा चिरत होती. इटलीतल्या सिन्योराचं, म्हणजे ती जिच्याकडे कामाला होती त्या मालकिणीचं स्वयंपाकघर, फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला. इकडे गावी, रादाउत्समध्ये, तोदेर हुत्सानू दर रविवारप्रमाणे दाढी करून, कोट चढवून फोनसमोर बसलेला. बायकोशी बोलायला कोट कशाला, असं शेजारच्या प्रोफिरानं त्याला एकदा विचारलं होतं. पोस्टाच्या खिडकीमागे एकतीस वर्षं कोट घालून बसलेल्या माणसाला असले प्रश्न विचारायचे नसतात.

"ख्रिसमसला येते," साव्हेता म्हणाली. "पण आत्ताच सांगून ठेवते, तोदेर. मागच्या वर्षी त्या खोलीत तोंडातून वाफ निघत होती माझ्या. गुडघा असा आखडला की चर्चमध्ये सगळं गाव गुडघे टेकून, आणि मी आपली खांबासारखी उभी. फादर काय म्हणाले असतील मनात? आता सिन्योरा म्हणतेय, ईस्टरपर्यंत थांब. तेव्हा बघ. घर उबदार असेल तर मी राहते. नसेल तर सण संपल्यावर सान्दूच्या गाडीनं परत."

एवढं सगळं बोलून झालं, पण तोदेरच्या कानात 'राहते' एवढा एकच शब्द शिरला. दोन वर्षांसाठी म्हणून गेलेली बायको. हा चौथा हिवाळा होता. पलंगाच्या डाव्या बाजूला अजून तो झोपत नसे, कपाटातल्या तिच्या चार रिकाम्या हँगरांवर स्वतःचा सदरा अडकवत नसे, आणि दर गुरुवारी सान्दूची गाडी इटलीची पार्सलं घेऊन आली की रस्त्याकडच्या खिडकीत उभं राहून, बायकोनं पाठवलेल्या कॉफीच्या पुड्याकडे माणसाकडे बघावं तसा बघत असे. फोन ठेवल्यावर त्यानं कोट काढला, बाह्या वर सारल्या आणि ठरवलं की या वर्षी घरात वाऱ्याला सुईच्या टोकाएवढीही जागा ठेवायची नाही.

इथे झोताबद्दल थोडं बोललं पाहिजे. आमच्या गावात माणसं लढाईत मेली, टायफॉइडनं मेली, म्हातारपणानं मेली असं सरकारी नोंदी सांगतात. गावाला विचाराल तर बहुतेक सगळी झोतानं मेली. समोरासमोरच्या दोन फटींतून वारा आरपार गेला आणि मध्ये माणूस सापडला, की संपलं. प्रोफिराचा नवरा सत्याऐंशीव्या वर्षी गेला, तोही तिच्या मते बसमध्ये दोन्हीकडच्या खिडक्या उघड्या होत्या म्हणून. तिनं तसं ड्रायव्हरला मयताच्या जेवणाला बोलावून तोंडावर सांगितलं होतं.

त्यामुळे तोदेर पट्टी, कात्री आणि वर्तमानपत्रांची चळत घेऊन बसला, तेव्हा पहिली कागदाची पट्टी कापून व्हायच्या आत प्रोफिरा कुंपणावरून डोकावली.

"खळ कशाची केलीस?"

"कणकेची."

"मीठ घातलंस?"

"खळीत मीठ कशाला, ताई?"

"घालू नकोस. जानेवारीत सगळ्या पट्ट्या सुटून लोंबल्या की मग मला विचार." आणि ती कुंपणाला वळसा घालून आतच आली.

आमच्याकडच्या जुन्या खिडक्या दुहेरी असतात. बाहेर एक तावदान, आत एक, मध्ये वीतभर जागा. त्या जागेत कापसाची जाड लड अंथरायची, ओल शोषायला मिठानं भरलेला एक पेला ठेवायचा, आणि आतल्या तावदानाच्या सगळ्या फटींवर कागद चिकटवायचा. तोदेरनं हे सगळं पोस्टातल्या शिस्तीनं केलं. पट्ट्या दोन बोटं रुंद, एकावर एक तीन थर, कोपरे पाकिटासारखे दुमडलेले. रस्त्याकडच्या खिडकीपाशी मात्र त्याचा हात थांबला. साव्हेता तिथे बसून शेंगा सोलायची. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तिथून हाक मारायची, आणि ती हाक थेट बाजारापर्यंत जायची. ती गेल्यापासून ती खिडकी फारशी उघडली गेली नव्हती, पण उघडता येत होती.

"हीच तर मेली सगळ्यात गळकी," प्रोफिरा म्हणाली. "हिच्यासमोर दार. दारातून खिडकीत, खिडकीतून दारात. मध्ये साव्हेताचा गुडघा."

गुडघ्याचं नाव निघाल्यावर प्रश्नच मिटला. त्या खिडकीला तोदेरनं पाच थर दिले.

दाराचा विषय समोरच्या गेर्वासीनं हाती घेतला. गेर्वासी साखर कारखान्यातून बॉयलर इंजिनियर म्हणून निवृत्त झालेला, आणि बॉयलर गेल्यापासून काहीतरी बंद करण्यासाठी त्याचे हात शिवशिवत असत. त्यानं दाराभोवतीच्या फटी मोजल्या, पेन्सिलीनं भिंतीवरच बेरीज केली आणि गंभीर चेहऱ्यानं तोदेरकडे वळला.

"हुत्सानू, या सगळ्या फटी एकत्र केल्या तर वहीच्या पानाएवढं भोक होतं. भिंतीत वहीच्या पानाएवढं भोक ठेवशील का तू?"

"नाही, इंजिनियरसाहेब."

"मग दारात का ठेवलंस?"

 गेर्वासीनं घरून फेसाचा डबा आणला. दाबला की पिवळा फेस बाहेर येतो आणि वाळला की दगड होतो, असा तो डबा. वापरायच्या सूचना चार भाषांत होत्या आणि त्यांत आपली नव्हती. चित्रात एक माणूस हसत हसत फेस मारत होता, तेव्हा दोघांनीही हसत हसत अख्खा डबा रिकामा केला आणि बोर्शचं आंबट सूप प्यायला स्वयंपाकघरात जाऊन बसले. परत आले तेव्हा फेस पिठासारखा फुगून दाराच्या कडीपर्यंत आला होता. दार आणि चौकट यांतला फरक कायमचा मिटला होता. शेजारी खुंटीला टांगलेली साव्हेताची छत्री मुठीपर्यंत आत गेली होती आणि फक्त मूठ भिंतीतून बाहेर डोकावत होती.

तोदेरनं मूठ ओढून पाहिली. दार ढकलून पाहिलं.

"उघडत नाही," तो म्हणाला.

"उघडणार कसं? तेच तर काम आहे त्याचं," गेर्वासी समाधानानं म्हणाला. "मार्चमध्ये कापू. तोवर मागचं दार आहे की."

मागचं दार होतं, पण मागच्या दारापासून रस्त्यावर यायचा बोळ प्रोफिराच्या सल्ल्यानं उत्तरेचा वारा अडवायला लाकडाच्या ओंडक्यांनी छतापर्यंत भरलेला होता. तेव्हा त्या दिवसापासून तोदेर हुत्सानू, निवृत्त वरिष्ठ पोस्ट कारकून, स्वतःच्या घरात प्रोफिराच्या कोंबड्यांमधून, कुंपणाच्या मोडक्या फळीतून वाकून शिरू लागला. कोंबडा त्याला ओळखत नव्हता आणि ओळखायची त्याची इच्छाही दिसत नव्हती.

मागच्या दाराला दुहेरी घोंगडी लागली. खोलीच्या दाराला फेल्टची किनार लागली. नोव्हेंबरच्या पहिल्या थंडीत तोदेरनं मेणबत्ती पेटवून घरभर फिरवली, आणि ज्योत कुठेही हलली नाही. इतका निवांत दिवा त्यानं चर्चमध्येसुद्धा पाहिला नव्हता. मग त्यानं खोलीतल्या शेगडीत, कपाटाएवढ्या उंच हिरव्या टाइलांच्या त्या शेगडीत, बीच झाडाचे तीन कोरडे ओंडके रचले आणि काडी लावली.

धूर वर गेलाच नाही. तो शेगडीच्या तोंडातून शांतपणे, पाहुण्यासारखा बाहेर आला आणि खोलीभर पसरला. पाच मिनिटांत तोदेरला समोरच्या भिंतीवरचा लग्नाचा फोटो दिसेनासा झाला.

"धुराडं तुंबलं," प्रोफिरानं निदान केलं.

"धुराड्याचा व्यास चुकलाय," गेर्वासीनं दुरुस्ती केली.

धुराडी साफ करणारा ओनोफ्रेई बोलावला गेला. तो काळ्या कपड्यांत, खांद्यावर ब्रश आणि दोरी घेऊन गल्लीत शिरला की लोक शकुनासाठी आपल्या कोटाचं बटण चिमटीत धरतात. तोदेरनंही धरलं, आणि खळ लागून कडक झालेलं ते बटण त्याच्या हातातच आलं. ओनोफ्रेई छपरावर चढला. कावळ्याचं एक जुनं घरटं घेऊन खाली उतरला आणि सामान आत-बाहेर करायचं म्हणून खोलीचं आणि मागचं अशी दोन्ही दारं सताड उघडी टाकून शेगडी पेटवली. जाळ भुर्रकन उठला आणि धूर सरळ वर गेला.

"काही झालेलं नाही तुमच्या शेगडीला," तो म्हणाला. मग दारांच्या घोंगड्यांकडे, पट्ट्यांच्या पाच थरांकडे आणि भिंतीतल्या छत्रीच्या मुठीकडे त्यानं सावकाश नजर फिरवली. "काका, घरात हवा कुठून येते?"

"कुठूनच येत नाही!" तोदेरची छाती फुगली.

"तेच म्हणतोय. धुराला वर जायचं तर खालून वारा हवा. एखादी खिडकी बोटभर उघडी ठेवा."

ओनोफ्रेईनं जणू चर्चमध्ये शीळ घातली होती.

"शेगडी पेटवायची आणि खिडकी उघडी ठेवायची?" प्रोफिरानं कपाळावर क्रूस काढला. "पाठीला जाळ आणि पोटाला झोत? अरे, खून करायचाय का तिचा?"

"सिद्धान्ततः," गेर्वासी म्हणाला, आणि त्यानं मान हलवली.

तोदेरनं ओनोफ्रेईकडे पाहिलं. माणूस प्रामाणिक दिसत होता. पण साव्हेतानं उबदार घर मागितलं होतं, आणि उघड्या खिडकीचं घर उबदार असतं असं तोदेरनं त्रेसष्ट वर्षांत कोणाकडून ऐकलं नव्हतं. "खिडकी उघडणार नाही," तो म्हणाला. "तिचा गुडघा आहे."

ओनोफ्रेईनं खांदे उडवले आणि तपासणीचा फॉर्म काढला. तिथे नवीनच भानगड निघाली. नगरपालिकेच्या नोंदीत या घरात दोन शेगड्या होत्या. दुसरी स्वयंपाकघरातली. ती तोदेर आणि साव्हेता यांनी तीस वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात स्वतःच्या हातांनी फोडली होती, आणि दिवसभर काजळीनं माखून एकमेकांना हसली होती. सरकारला सांगायचं मात्र राहून गेलं होतं. नोंद जुळल्याशिवाय शिक्का नाही, असं ओनोफ्रेई म्हणाला. दुसरा कोणी म्हणाला असता, राहू दे शिक्का. पण तोदेरनं आयुष्यभर बिनशिक्क्याचे कागद लोकांना परत केले होते. तो नगरपालिकेत रांगेत जाऊन उभा राहिला.

काचेमागे स्तेलियाना बसली होती. बावीस वर्षांपूर्वी शिक्का सरळ कसा मारायचा हे तोदेरनंच तिला पोस्टात शिकवलं होतं.

"सर, या बसा ना. नाही, म्हणजे बसायला जागा नाहीये. बोला."

"एक शेगडी रद्द करायचीय."

"काहीच अवघड नाही. दोन्ही मालकांच्या सह्या लागतील. बाईंना घेऊन या."

"बाई इटलीत आहे."

"अच्छा." स्तेलियानानं दुसरा फॉर्म काढला. तिचा आवाज जरा खाली आला. "मग हा आधी भरायचा, सर. कुटुंबातील अनुपस्थित व्यक्ती. नाव, गाव, कधीपासून. आणि इथे खूण करायची. दोन चौकोन आहेत बघा."

तोदेरनं पाहिलं. पहिल्या चौकोनापुढे लिहिलं होतं 'तात्पुरती'. दुसऱ्यापुढे 'कायम'. नाव त्यानं आपल्या सुबक पोस्टी अक्षरात लिहिलं. गाव लिहिलं. कधीपासून, तेही लिहिलं. मग पेन चौकोनांवर आलं आणि थांबलं.

"चार वर्षं म्हणजे नियमानुसार कोणता चौकोन होतो ग?" त्यानं विचारलं.

स्तेलियानाला नियम माहीत होता. तिनं तो सांगितला नाही. "घरी जाऊन भरा, सर, घाई नाही," ती म्हणाली, आणि मागे रांग लागलेली असूनही त्याच्या कागदाची घडी तिनंच घालून दिली.

तो कागद तोदेरनं लग्नाच्या फोटोमागे ठेवला. त्या दिवसापासून फोटोकडे पाहिलं की दोन चौकोन आठवत, म्हणून त्यानं फोटोकडे पाहणं कमी केलं. मग पाहायला काही उरलं नाही, म्हणून तो पुन्हा पाहू लागला.

डिसेंबर लागला. शेगडी पेटत नव्हती. तोदेर स्वयंपाकघरात विजेच्या छोट्या हीटरला गुडघे टेकवून राहत होता. पण साव्हेताला सांगणार कसं? रविवारी फोनच्या आधी तो खोलीत जाई, शेगडीचं दार उघडून आत पलंगाशेजारचा लाल शेडचा दिवा ठेवी, वायर पडद्यामागून नेई, फोन असा ठेवी की शेगडी मागे लालसर दिसावी, आणि स्वतः एका सदऱ्यावर, कॉलर उघडी टाकून बसे. कोट नाही. चार वर्षांत पहिल्यांदा कोट नाही.

"अरे माणसा, सदऱ्यावर?" साव्हेता म्हणाली.

"उकडतंय," तोदेर म्हणाला. दात वाजू नयेत म्हणून तो मोजकंच बोलत होता.

"ओठ निळे का दिसतायत तुझे?"

"नेटवर्क. रंग खराब येतात."

 फोनमधून ती शेगडीकडे पाहत असावी. "छान दिसतंय रे," ती हळूच म्हणाली. "इथे भिंतीला रेडिएटर आहे. गरम असतो, पण बघायला काही नाही त्यात." मग तिनं पटकन डोळ्यांना पदर नाही म्हणून बाही लावली, कांद्याचं कारण सांगितलं, पण त्या दिवशी ती काही चिरत नव्हती. "वीस तारखेला पोचते. दार उघडं ठेव."

दार! फोन बंद झाल्यावर तोदेरनं सुरी घेऊन फेसावर पहिला घाव घातला. गेर्वासीनं खिडकीतून पाहिलं आणि धावत, म्हणजे प्रोफिराच्या कोंबड्यांमधून, येऊन त्याचा हात धरला. वहीच्या पानाची त्यानं पुन्हा आठवण करून दिली. शेवटी असं ठरलं की एकोणीस तारखेला प्रोफिराच्या अंगणात झाडून, बर्फ काढून, कोंबड्यांना कोंडून ठेवायचं आणि वीसला साव्हेताला सन्मानानं मागच्या दारानं आत आणायचं.

सान्दूची गाडी अठराला आली.

वाटेत हंगेरीत वादळ येणार म्हणून तो दोन दिवस आधी निघाला होता, आणि साव्हेताचा फोन सीमेवरच गतप्राण झाला होता. दुपारचे तीन वाजले होते. तोदेर शेगडीपुढे उकिडवा बसून, तोंडाला ओला रुमाल बांधून, आपली कितव्यांदा तरी खटपट करत होता. खोली धुरानं भरली होती. त्यानं घर इतकं चोख बंद केलं होतं की गाडीचा हॉर्न आत आला नाही, फाटक वाजलेलं आलं नाही, समोरच्या दारावरच्या बुक्क्याही आल्या नाहीत. फेसानं त्या सगळ्या गिळल्या.

मग कशानं तरी त्यानं मान वर केली. रस्त्याकडच्या खिडकीच्या बाहेर, दोन तावदानांपलीकडे, कापसाच्या लडीच्या वर आणि मिठाच्या पेल्याच्या शेजारी, साव्हेताचा चेहरा होता. डोक्याला लोकरीचा रुमाल, पापण्यांवर बर्फ. तिचं तोंड हलत होतं. काही ऐकू येत नव्हतं.

तोदेर उठून काचेपाशी गेला. "साव्हेता!" तो ओरडला. ती कानाला हात लावून मान हलवत राहिली. तिनं दाराकडे बोट दाखवलं. त्यानं नाही अशी खूण केली. तिनं बोळाकडे दाखवलं. त्यानं पुन्हा नाही म्हटलं आणि हातांनी कोंबडी करून दाखवली. साव्हेता त्याच्याकडे बघतच राहिली. चार वर्षं दोघं एकमेकांना फोनच्या काचेतून पाहत होते, निदान त्या काचेतून आवाज तरी येत होता. आता ती हातभर अंतरावर होती, आणि तोदेरला एकदम असं वाटलं की ही आता वळेल, पिशव्या उचलेल आणि गाडीत जाऊन बसेल. गाडी अजून रस्त्यावर उभी होती.

त्यानं पावाची सुरी उचलली. पाच थर. दोन बोटं रुंद, कोपरे पाकिटासारखे दुमडलेले. आयुष्यातलं इतकं चोख काम त्यानं इतक्या गबाळेपणानं कधी उसवलं नव्हतं. कागद टराटरा फाटला, आतलं तावदान उघडलं, कापूस उडाला, मीठ सांडलं, आणि त्यानं बाहेरचं तावदान खांद्यानं ढकललं.

"... गाढवा, छत्री भिंतीत का आहे?" साव्हेताचा आवाज मध्यातूनच खोलीत शिरला. दाराच्या वरच्या काचेतून तिला ती दिसली होती. त्या आवाजासोबत बर्फ शिरला, रस्ता शिरला, सान्दूच्या गाडीचा डिझेलचा वास शिरला. आणि तोदेरच्या पाठीमागे हिरव्या टाइलांच्या शेगडीत भुर्र झालं, बीचच्या ओंडक्यांनी पेट घेतला, आणि महिनाभर घरात मुक्कामाला असलेला धूर वळून, शेगडीच्या तोंडातून, निमूट वर निघून गेला.

दोघंही शेगडीकडे बघत राहिली.

"झोत! झोत!" कुंपणापलीकडून प्रोफिरा ओरडत होती. "तोदेर, बंद कर! गुडघा!"

"प्रोफिराताई, तुम्ही आत जा, तुम्हाला सर्दी होईल," साव्हेतानं हाक दिली. ती हाक थेट बाजारापर्यंत गेली. मग तिनं आधी पिशव्या दिल्या, मग दोन्ही हात दिले, आणि सान्दूनं खालून आधार देऊन तिला खिडकीतून घरात घेतलं. गुडघा चौकटीवर आपटला. तिनं एक इटालियन शिवी दिली, जी कोणालाच कळली नाही आणि सगळ्यांना आवडली.

मग ती खोलीभर फिरली. दाराकडे, घोंगड्यांकडे, शेगडीजवळच्या लाल दिव्याकडे, वायरीकडे पाहिलं. वायर कुठे जाते ते पाहिलं. लग्नाच्या फोटोमागून डोकावणारा कागद ओढून काढला आणि वाचला. तोदेर सांगायला लागला की हे म्हणजे शेगडीच्या नोंदीसाठी, म्हणजे ती फोडलेली शेगडी...

"चौकोन भरला नाहीस," ती म्हणाली.

"नाही."

"नियमानं कोणता भरायचा असतो?"

"ते मी विचारलं नाही," तोदेर म्हणाला. एकतीस वर्षांच्या नोकरीत तो कागदांबद्दल कधी खोटं बोलला नव्हता.

साव्हेतानं कागद परत फोटोमागे ठेवला. खुर्ची ओढून ती खिडकीपाशी बसली, पाठ शेगडीकडे करून. खिडकी लोटली, पण बोटभर फट ठेवली. पूर्ण लोटली की धूर खोलीत, उघडली की वर. तिनं दोन-तीनदा करून पाहिलं आणि फट कुठे असायला हवी ते तिला समजलं.

त्या सणात ती राहण्याबद्दल काही बोलली नाही आणि तोदेरनं विचारलं नाही. कोबीच्या पानात गुंडाळलेले सारमाले खाऊन झाले, फादर येऊन घरावर तीर्थ शिंपडून गेले, तेही कोंबड्यांमधून. रोज सकाळी तोदेर ओंडके घाली आणि साव्हेता खिडकी हवी तेवढी उघडून ठेवी. दोघांपैकी कोणी एक उठून गेलं तर खोली धुरानं भरे, तेव्हा शक्यतो दोघंही बसून राहत. तिची मोठी पिशवी मात्र दाराशी, छत्रीच्या मुठीखाली, होती तशीच होती.

सण संपल्यावरच्या गुरुवारी सान्दूनं फाटकाशी हॉर्न दिला. या वेळी तो स्वच्छ ऐकू आला. तोदेर शेगडीपुढे पाठ फिरवून बसला आणि विनाकारण निखारे हलवू लागला. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पिशवीची चेन ओढल्याचा आला. मग खिडकीचं तावदान पूर्ण उघडलं.

"सान्दू! हे दोन डबे घे. मिरच्या आणि वांग्यांचं आहे, सिन्योराला दे. पावावर लावून खायचं म्हणावं."

"आणि तुम्ही, मावशी? तुमची जागा ठेवलीय पुढची."

तोदेरच्या हातातली सळई थांबली.

"मी कशी येऊ रे?" साव्हेता म्हणाली. "सांग सिन्योराला, माझ्या घरची शेगडी धूर करते. खिडकीशी कोणीतरी बसावं लागतं."

गाडी निघाल्याचा आवाज आला. साव्हेतानं तावदान ओढून घेतलं, बोटभर ठेवून. तोदेरनं मान वर न करता एक ओंडका आत सारला, मग दुसरा.